कोरे सोडलेले गोल: आठवीच्या स्कॉलरशिप वर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, आठवी ते दहावीची. साल २०१८-१९. मी आठवीला गणित शिकवत होते. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला आली आणि आमच्या शाळेत स्कॉलरशिपचा वर्ग पहिल्यांदाच सुरू झाला. पहिल्या दोन वर्षांत काही मुलं गुणवत्ता यादीत आली, त्यांच्या फोटोंचा फ्लेक्स फाटकावर लागला, आणि तिसऱ्या वर्षी गावाच्या अपेक्षा वाढल्या.

जूनमध्ये तिन्ही तुकड्यांची चाचणी घेऊन आम्ही ३६ मुलं निवडली. शाळा भरण्याआधी एक तास जादा शिकवणी, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर सराव चाचणी. ती अगदी खऱ्या पेपरासारखी घ्यायचो: दीड तास, ७५ प्रश्न, १५० गुण, पेनाने रंगवायचे गोल. सोमवारी ऑफिसबाहेरच्या फलकावर गुणानुक्रमे यादी लागायची. पंचविसाव्या नावाखाली लाल रेघ. रेघेखालच्या मुलांच्या घरी फोन जायचा. यादीचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच दिवशी पडायचा.

ही पद्धत कुणी वाईट हेतूने आणली नव्हती. वर्ग सांभाळणारे सर पहाटे उठून प्रश्नसंच तयार करत, रविवारीही येत. मुलांना स्वतःची जागा कळली की ती जिद्दीने अभ्यास करतात, असं त्यांचं मनापासून मत होतं. त्यांच्या मताला आधारही होता, कारण काही मुलं खरंच तशी करत होती.

अडचण

दिवाळीनंतर मला एक गोष्ट खटकायला लागली. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी एक मुलगी (तिला इथे फक्त ‘खिडकीजवळची’ म्हणेन) दिवाळीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर होती. नोव्हेंबरात ती नववी आली, मग चौदावी. मी तिची उत्तरपत्रिका घरी आणली. चुका फार नव्हत्या. पण गणिताच्या भागात तब्बल अकरा प्रश्न कोरे होते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तर चुकलं काय आणि सोडलं काय, पदरात शून्यच. चार पर्यायांत अंदाजाने एक गोल रंगवला तरी नुकसान काहीच नाही. हे मुलांना आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत आलो होतो. मग इतकी हुशार मुलगी अकरा गोल कोरे का सोडते? तिच्या कच्च्या कामात त्यातल्या सहा गणितांची मांडणी होती, दोन तर शेवटपर्यंत बरोबर सोडवलेली. उत्तर हातात असताना तिने गोल रंगवला नव्हता.

मग सगळ्यांच्याच उत्तरपत्रिका काढून बसले. यादीच्या मधल्या भागातल्या मुलांचे कोरे गोल सर्वांत जास्त होते. तळाची मुलं सरसकट रंगवून मोकळी होत होती, वरची चार-पाच आत्मविश्वासाने सोडवत होती. मधली मुलं मात्र हात आखडून बसली होती. आठवीच्या पेपरात तेव्हा काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवावे लागायचे. त्या प्रश्नांना तर ही मुलं हातच लावत नव्हती.

वर्गातही फरक पडला होता. जुलैत ‘मॅडम, असं का?’ विचारणारी मुलं आता ‘हे येणार का परीक्षेला?’ एवढंच विचारत होती. आणि चाचणीच्या आधी दारात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, ‘माझा तर काहीच अभ्यास झाला नाही’. हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आणि बहुधा म्हटलेलंही आहे. ते पडण्याआधी अंथरलेलं गवत असतं.

वाचनातून काय हाती आलं

एम.एड.ला असताना संपादन-ध्येयांवरचं, म्हणजे मूल कशासाठी शिकतं यावरचं, थोडं वाचलं होतं, ते पुन्हा उघडलं. १९८० च्या दशकात कॅरोल ड्वेक, जॉन निकोल्स आणि कॅरोल एम्स या अमेरिकेत काम करणाऱ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच भेद मांडला: काही मुलं विषय यावा म्हणून शिकतात, काही आपण हुशार आहोत हे दिसावं म्हणून. पुढे अँड्र्यू इलियट यांनी दुसऱ्या गटाचे आणखी दोन भाग केले. इतरांच्या पुढे जायचं हे एक ध्येय. इतरांपुढे उघडं पडायचं नाही, हे दुसरं. दोन्ही वरवर सारखी दिसतात, पण मुलाच्या हातून होणारं काम फार वेगळं असतं. सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते उघडं न पडण्याच्या धडपडीत. मूल मदत मागत नाही, अवघड टाळतं, आणि अपयशाला आधीच सबब तयार ठेवतं.

मी माझ्यापुरती साधी नावं ठेवली: कळण्यासाठी, पुढे जाण्यासाठी, आणि लाज वाचवण्यासाठी. सहकाऱ्यांशी बोलताना हीच वापरली. ‘कळण्यासाठी’ला पुस्तकातल्यासारखं ‘प्रभुत्व-ध्येय’ म्हटलं की शिक्षक-खोलीत चहा थंड होतो आणि बोलणं तिथेच थांबतं.

मुलांना विचारायचं कसं: पहिला निर्णय

कॅरोल मिजली आणि मिशिगन विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी एक प्रश्नावली बनवलेली आहे. तिच्यातल्या निवडक विधानांचं मी मराठी केलं आणि पाच पायऱ्यांवर खूण करायला दिली. नाव लिहायला सांगितलं, कारण उत्तरं कोऱ्या गोलांच्या मोजणीशी जोडायची होती. मी टेबलाशी उभी होते.

सगळं वाया गेलं. जवळजवळ प्रत्येकाने प्रत्येक विधानाला ‘पूर्ण सहमत’ केलं. कळायलाही हवं, पहिलाही यायला हवं, चुकायलाही नको. मॅडमना काय आवडेल याचा त्यांनी विचार केला होता, आणि मी समोरच उभी होते. शिवाय माझं भाषांतर पुस्तकी होतं. ‘वर्गात मी मूर्ख दिसू नये हे माझ्यासाठी महत्त्वाचे आहे’ असलं वाक्य आमच्याकडचं कुठलंच मूल बोलत नाही. एका मुलाने ते वाचून शेजारच्याला सांगितलं, ‘म्हणजे हसं होऊ नये.’ त्याचा शब्द बरोबर होता.

इथे ठरवायचं होतं: नाव ठेवायचं की काढायचं? नाव ठेवलं तर जोडणी शक्य, पण उत्तर खोटं. नाव काढलं तर उत्तर खरं असण्याची शक्यता, पण कुणाचं ते कळणार नाही. मी नाव काढलं. विधानं मुलांच्या बोलीत पुन्हा लिहिली, वाचनालयात एक खोका ठेवला, आणि ग्रंथपालांना सांगितलं की मी आसपास फिरकणार नाही. या वेळी उत्तरं विखुरली. ‘चुकलं तर सगळ्यांसमोर हसं होईल याची भीती वाटते’ याला होकार देणारी मुलं अर्ध्याहून जास्त निघाली. आणि ‘नवीन काही कळलं की आवडतं’ यालाही जवळजवळ तितकीच. म्हणजे एकाच मुलाच्या मनात दोन्ही नांदत होतं.

दोन पाकिटं

प्रश्नावलीवर विसंबून राहावंसं वाटेना. मुलांनी काय म्हटलं यापेक्षा ती काय निवडतात हे बघायचं ठरवलं. कामाची निवड देऊन ध्येय ओळखण्याची रीत ड्वेक यांच्या प्रयोगांतही आहे. दोन पाकिटं तयार केली. एकात येणारी गणितं, भरपूर बरोबर येतील अशी. दुसऱ्यात अवघड, पण प्रत्येक गणिताखाली पुढच्या पायरीचा इशारा.

पहिल्या दिवशी वर्गात हात वर करायला सांगितलं. अवघड पाकिटासाठी यादीतल्या वरच्या मुलांचे सात हात वर आले. बाकीच्यांनी सोपं घेतलं. चार दिवसांनी तीच निवड चिठ्ठीवर लिहून बंद डब्यात टाकायला दिली. अवघड हवं असेल त्यांनी चिठ्ठीवर हजेरी क्रमांक लिहायचा, म्हणजे पाकीट वहीत घालून परत मिळेल. एकोणीस जणांनी अवघड मागितलं. त्यात खिडकीजवळची होती. आणि आदल्या खेपेला हात वर केलेल्या सातांपैकी दोघे नव्हते.

हा माझ्यासाठी प्रकरणाचा खरा वळणबिंदू होता. तोवर मी समजत होते की मुलांची शिकण्याची ओढ कमी झाली आहे आणि ती वाढवायला काहीतरी करावं लागेल. ओढ शाबूत होती. चारचौघांत ती दाखवायची चोरी झाली होती.

मधल्या सुट्टीत खिडकीजवळची पाकीट घ्यायला आली तेव्हा मी तिची जुनी उत्तरपत्रिका पुढे ठेवली आणि विचारलं, ‘हे तर तुला आलं होतं. गोल का नाही रंगवलास?’ ती बराच वेळ कागदाचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, ‘चुकलं की चूक दिसते, मॅडम. सोडलं की वेळ पुरला नाही म्हणता येतं.’

घरी आजोबा दर सोमवारी विचारायचे, ‘आज कितवी?’ ते प्रेमानेच विचारत. तिच्या आधीच्या नंबरांचं कौतुक त्यांनी गल्लीभर केलं होतं. ‘माझी नात जात्याच हुशार’ हे त्यांचं वाक्य. क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: बुद्धीचं कौतुक झालेली मुलं पुढचं अपयश आलं की लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. जात्याच हुशार असलेल्या मुलीला चुकायची सोय राहत नाही.

समोरचे पर्याय

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मुख्याध्यापक सर आणि वर्ग सांभाळणाऱ्या सरांसमोर हे सगळं ठेवलं. परीक्षा फेब्रुवारीत. हातात दहा आठवडे.

यादी आहे तशी चालू ठेवायची, हा एक मार्ग होता. पालकांना ती हवी होती. फक्त पहिल्या दहांची नावं लावायची, असं मुख्याध्यापक सरांनी सुचवलं. खालच्यांची नामुष्की टळेल असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. ज्याचं नाव नाही तो कोण हे छत्तीस मुलांत पाच मिनिटांत कळतं, आणि कोरे गोल तर मधल्यांचेच जास्त होते.

मला स्वतःला गुणच बंद करावेत असं वाटत होतं. रूथ बटलर यांचा इस्रायलमधला १९८८ चा अभ्यास माझ्या डोक्यात होता: काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांचं काम आणि गोडी दोन्ही सुधारलं, आणि गुण-शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झाला नाही. यावर वर्ग सांभाळणारे सर म्हणाले, ‘मॅडम, परीक्षेला दोन्ही पेपरांत प्रत्येकी चाळीस टक्के लागतात. मुलाला आपण कुठे आहोत हेच कळलं नाही तर तो वेळ कसा बसवणार?’ त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. बटलर यांच्या मुलांसमोर दहा आठवड्यांनी शिष्यवृत्ती परीक्षा उभी नव्हती.

अर्ध्या मुलांना यादी आणि अर्ध्यांना चिठ्ठी, म्हणजे तुलना करता येईल, हाही विचार आला. अभ्यास म्हणून ते जास्त भक्कम ठरलं असतं. पण ज्यामुळे मुलांना त्रास होतोय असं मला वाटतं तेच अर्ध्यांवर मुद्दाम चालू ठेवायचं, हे मन घेईना. मी ते सोडलं आणि त्याची किंमतही पत्करली: नक्की कशामुळे काय झालं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

शेवटी ठरलं ते असं. फलकावरची यादी आणि लाल रेघ बंद. प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी, तिच्यावर गुण आणि तीन आकडे: बरोबर, चुकलेले, सोडलेले. आठ आठवड्यांसाठी.

काय केलं

चिठ्ठीबरोबर एक चूक-वही सुरू केली. आठवड्यातली एकच चूक निवडायची. तिथे आपण काय समजून चाललो होतो ते लिहायचं, मग बरोबर रीत. मंगळवारच्या तासाला मी माझी एक चूक फळ्यावर मांडायचे. एकदा शेकडा नफ्याच्या गणितात मी विक्री किमतीवर टक्के काढले होते ते जसंच्या तसं लिहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मी पण असंच करतो!’ त्या तासाला जेवढ्या मुलांनी तोंड उघडलं तेवढी नोव्हेंबरात महिनाभर बोलली नव्हती.

पहिला आठवडा मात्र कठीण गेला. चिठ्ठ्या वाटून पाच मिनिटं झाली नाहीत तोच पाण्याच्या नळाजवळ मुलांनी स्वतःच यादी बनवली, एका वहीच्या शेवटच्या पानावर. मी ती वही मागितली नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर ती यादी आपोआप बंद पडली, कारण बऱ्याच मुलांनी गुण सांगणं सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात गुण घसरले. सोडलेले कमी झाले, चुकलेले वाढले, आणि अंदाज बांधण्यात वेळ गेल्याने काही येणारे प्रश्नही राहिले. मुख्याध्यापक सरांनी बोलावून विचारलं, ‘परीक्षा तोंडावर आहे, थांबायचं का?’ मी तीन आकड्यांचा तक्ता दाखवला आणि आणखी दोन आठवडे मागून घेतले. त्यांनी दिले. हा निर्णय त्यांचा होता, आणि धाडसाचा होता.

ज्याचा मी विचारच केला नव्हता तो मुलगा म्हणजे यादीतला पहिला. सोमवारी फलकाकडे जायचं त्याचं कारणच गेलं. डिसेंबरात तो गप्प झाला, चूक-वही रिकामी देऊ लागला. त्याचे वडील येऊन म्हणाले, ‘मॅडम, पोरगं नंबरासाठी पहाटे पाचला उठायचं. आता उठत नाही.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर वाचनात ते होतं: इलियट आणि ज्युडिथ हॅरॅकिविच यांच्या कामातून दिसतं की पुढे जाण्याचं ध्येय स्वतःमध्ये घातक नसतं. ते वाचूनही मी सगळ्यांना एकाच मापाने मोजलं होतं. त्याला मी दर आठवड्याला दोन अचूक पर्यायांचा एक प्रश्न तयार करायला दिला. त्याने मन लावून केले, पण इतरांना अडकवायला. सकाळचं उठणं सुरू झालं ते जवळच्या खाजगी क्लासने रविवारची चाचणी आणि तिथली यादी सुरू केल्यावर.

निष्पत्ती

जानेवारीअखेर गुण दिवाळीच्या पातळीला परत आले आणि थोडे वर गेले. कोरे गोल मात्र बरेच कमी झाले. खिडकीजवळच्या मुलीचे अकरावरून दोनवर आले. शेवटच्या सराव चाचणीत दोन पर्यायांचा एक प्रश्न तिने चुकवला. तिने दोन्ही गोल गडद रंगवले होते, एक बरोबर, एक चूक. त्या उत्तरपत्रिकेचा फोटो मी काढून ठेवला आहे.

निकालात गुणवत्ता यादीत आमची मुलं जवळपास आधीच्या वर्षाइतकीच आली. पहिला मुलगा त्यात होता. खिडकीजवळची पात्र ठरली, पण गुणवत्ता यादीत आली नाही. आजोबांना वाईट वाटलं. तिलाही वाटलं. आठवडाभराने ती मला भेटायला आली ती पेपरातली चुकलेली तीन गणितं घेऊन, आणि नववीत भूमितीच्या सिद्धता सुरू झाल्यावर पुन्हा एकदा.

पुढच्या जूनमध्ये यादी फलकावर परत लागली. नवीन पालकांनी मागणी केली आणि शाळेने ती मान्य केली. लाल रेघ मात्र कुणी ओढली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

कोऱ्या गोलांची मोजणी मी नोव्हेंबरात सुरू केली. जुलैपासूनचे आकडे असते तर मुलं यादीमुळे आखडली की दिवाळीनंतर अभ्यासक्रमच अवघड झाला म्हणून, हे वेगळं करता आलं असतं. आज ते करता येत नाही. शिवाय यादी बंद करणं, चिठ्ठी, चूक-वही आणि माझं स्वतःचं वर्गातलं बोलणं, हे सगळं मी एकाच आठवड्यात बदललं. यातलं कामाला कोण आलं? माझा कल चूक-वहीकडे आहे, पण तो कलच आहे.

पालकांशी आधी बोलायला हवं होतं. मी सभा घेतली ती यादी बंद झाल्यावर, तेव्हा निम्मे पालक चिडून आले होते. आजोबांना तर मी बोलावलंच नाही, आणि सोमवारचा प्रश्न तेच विचारत होते. ‘आज कितवी?’ ऐवजी ‘आज काय अडलं?’ विचारा, एवढं त्यांना समोर बसवून सांगता आलं असतं. मुलांनाही पाकिटांचा हेतू मी आधी सांगितला नव्हता. नंतर सांगितला, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही बघत होता.’ तिच्या आवाजातली तक्रार योग्य होती. आता मी कुठलाही असा प्रयोग संपल्यावर मुलांना त्याच आठवड्यात सगळं सांगते, आणि ज्याला आपली चिठ्ठी परत हवी त्याला देते.

लाल रेघ पहिल्याच दिवशी पुसता आली असती. तिच्यासाठी प्रश्नावली, पाकिटं, तक्ते यांची गरज नव्हती. पंचवीस नावं वर आणि अकरा खाली, हे दर सोमवारी मी स्वतः त्या फलकासमोरून जाताना पाहत होते.

पहिल्या मुलासाठी काय करायला हवं होतं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ज्याला स्पर्धेतूनच जोर येतो त्याला ती मिळावी, पण तिचा फलक बाकीच्या पस्तीस जणांच्या वाटेत लागू नये, इथवर माझा विचार आला आहे. या वर्षीच्या वर्गात ज्यांना आपला क्रमांक हवा त्यांनी तो माझ्याकडे येऊन विचारायचा, असं ठेवलं आहे. आतापर्यंत आठ जणांनी विचारला. कोऱ्या गोलांची मोजणी जूनच्या पहिल्या चाचणीपासून चालू आहे.